स्टोव्हची पिन

“...म्हणजे ही सामुद्रधुनी उघडणार तरी कधी, बाबा?”

मुरारशेठांनी तिसऱ्यांदा विचारलं. टेकडीवरच्या झोपडीपुढे लतीफबाबा फकीर चहासाठी स्टोव्ह पेटवायच्या खटपटीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मुरारशेठ म्हणजे गावातले रॉकेलचे एकुलते एक घाऊक व्यापारी. बाबांना भेट म्हणून डबाभर रॉकेल घेऊन ते भर दुपारी टेकडी चढून आले होते. धाप अजून बसली नव्हती, पण ज्ञान पाजळताना शेठांना धाप कधीच आड येत नसे.

“तुम्हाला कल्पना नाही बाबा. नकाशात बघाल तर बोटभर चिंचोळी पट्टी. जगाचं कितीतरी तेल म्हणे तिथूनच जातं. आता तिथे लढाई पेटलीय. विमा कंपन्यांनी हात वर केले. विम्याचा कागद नाही तर कप्तान नांगर उचलत नाही, बँक पैसा सोडत नाही. तिकडे एक जागा अडली की इकडे आपल्या गावातली चूल थंड!”

“रेडिओवर सांगत्यात व्हय?”

“रोज. मी वहीत टिपून ठेवतो.”

“लई शिकलास.”

शेठ सुखावले. पण ते काही ज्ञान पाजळायला आले नव्हते. कालपासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

काल तान्हूबाई सुईण रिकामी बाटली घेऊन दारात आली होती. कोष्टी आळीतल्या एका पोरीचे दिवस भरले होते, आणि सुइणीला कंदिलापुरतं रॉकेल हवं होतं. शेठ म्हणाले होते, “जहाजच आलं नाही, तान्हूबाई.” बाई बाटली पदराखाली घेऊन निघून गेली.

गोदामात तेव्हा पिंपं भरलेली होती. उद्या माल आलाच नाही तर काय, ही शेठांची भीती खरी होती. भाव आणखी चढेल, ही आशाही तितकीच खरी होती. दोन्हींवर मिळून एकच कुलूप होतं आणि त्याची किल्ली शेठांच्या कमरेला.

स्टोव्ह फुरफुरला. ज्योत पिवळी झाली, थरथरली आणि विझली.

“रॉकेल संपलं वाटतं,” शेठ म्हणाले. त्यांनी आपल्या हातांनी टाकी भरली, काकडा पेटवून बर्नर तापवला, पंप मारला.

स्टोव्ह ढिम्म.

शेठांनी आणखी पंप मारला. मग आणखी. कपाळाला घाम आला. आपणच आणलेल्या रॉकेलवर स्टोव्ह पेटत नाही, हे त्यांच्या फार मनाला लागलं. ते ईर्षेने पंप मारू लागले.

बाबांनी त्यांचं मनगट धरलं.

“बास. भडका उडंल.”

“टाकीत तेल हाय?” बाबांनी विचारलं.

“काठोकाठ.”

“हवा?”

“भरपूर.”

“समुद्रातनं आलं, बंदरातनं आलं, टेकडी चढून आलं. आन् हितं, वीतभर राहिलं असताना?”

शेठ वरमले. “भोकात कचरा अडकला असेल.”

बाबांनी टाकीतली हवा सोडली. झोपडीच्या कुडात खोचलेली पिन काढून शेठांच्या हातात दिली. पत्र्याची चपटी पट्टी, टोकाला केसासारखी तार. शेठांनी चष्मा सावरला, श्वास रोखून तार भोकात घातली, दोनदा खालीवर केली. काजळीचा एवढासा कण निघाला. बोटावर घेतला तर दिसेनासा झाला.

पुन्हा काकडा, पुन्हा पंप. स्टोव्ह निळ्या ज्योतीने घुमू लागला.

चहा झाला. दोघंही प्यायले.

टेकडीवरून गाव दिसत होतं. गोदामाच्या बंद दारापुढे बायकांची रांग होती, उन्हात, हातात डबे-बाटल्या घेऊन. त्यातली तान्हूबाई कोणती ते एवढ्या लांबून ओळखू येत नव्हतं. शेठ मात्र बराच वेळ तिलाच शोधत होते.

शेवटी ते उठले. प्रश्न काही सुटेना.

“तर बाबा... ती सामुद्रधुनी?”

बाबांनी पिन कफनीला पुसली आणि पुढे केली.

“ही घेऊन जा. खाली लागंल.”

शेठ कसनुसं हसले. “नको बाबा. माझ्या दुकानात पिनांची डबीच्या डबी पडलीय.”

“मग अडलंय कुठं?”