खांबापुढचा दिवा

"नवस बोलले होते मी, बुवा. खांबच उचलून नेला. आता दिवा लावू कुठं?"

अंतूबुवांनी मान वर केली नाही. नदीकाठच्या मठाच्या पायरीवर बसून ते वाती वळत होते.

"कसला नवस, शेवंता?"

शेवंतानं पदराखालचं तबक खाली ठेवलं. निरांजन, कुंकू, तेलाची बुधली.

नवस जुना होता. प्रताप तान्हा असताना गोवरानं पार मिटत चालला होता. सासूनं तिला चौकात नेऊन खांबापुढं उभं केलं. पोर वाचू दे, दर अवसेला इथं दिवा लावीन, एवढंच ती बोलली होती. पोर वाचलं.

त्या खांबाची गोष्ट गावात कुणाला सांगावी लागत नसे. गादीसाठी जहागीरदाराचे दोघे मुलगे भांडले आणि गावच उभं फाटलं. वरची आळी थोरल्याकडं, खालची धाकट्याकडं. बाजारचौकात एकमेकांना कापलं. वरची आळी जिंकली. तिनं आपल्या मेलेल्यांची नावं कोरून खांब उभारला. तेव्हापासून खालच्या आळीच्या बाया खांबाजवळून जाताना कमरेवरची घागर दुसऱ्या अंगाला घेत. त्या मेलेल्यांना आपलं पाणी दिसूसुद्धा नये म्हणून.

शेवंताचं सासर वरच्या आळीतलं, पण माहेर खालच्या. लहानपणी तीही घागर अशीच फिरवायची.

खांबावरून दरवर्षी दगडफेक व्हायची. परवा नगरपालिकेनं क्रेन लावून, पोलीस बंदोबस्तात तो काढला आणि गोदामात नेऊन टाकला. चौकात नुसता खड्डा राहिला.

"खड्ड्याच्या काठाशी लाव," बुवा म्हणाले.

"तिथं माणसं जमलीत, बुवा. वरची आळी काठ्या घेऊन आलीय, गोदाम फोडून खांब आणणार म्हणते. खालची आळी खड्ड्याभोवती बसलीय, आमच्या मढ्यावर रोवा म्हणते. माझा भाचा किसन सगळ्यांत पुढं आहे."

"आणि वरच्यांत पुढं कोण?"

शेवंतानं चौकाच्या वाटेकडं पाहिलं.

उत्तर तिकडून चालतच आलं. प्रताप. हातात काठी, कपाळ कोरडं.

"आई, तू इथं होय! सगळ्यांना त्यांच्या आयांनी ओवाळून धाडलं. मी तेवढा कोऱ्या कपाळाचा. हसतायत मला."

"बसा पाटील," बुवा म्हणाले. "वात वळता येते का?"

"चेष्टेची वेळ नाही, बुवा. तुमचं बरंय, तुम्हाला ना आळी ना भाऊबंद. माझी आई इतकी वर्षं त्या खांबाला दिवा लावते. तिच्यासाठी चाललोय मी."

शेवंताचा हात लागून बुधली कलंडली. तेल पायरीवर ओघळलं.

बुवांनी बुधली सरळ केली. "शेवंता, खांबावरची नावं म्हण."

"राणोजी, खंडोजी, भवानजी..." तिनं सगळी म्हटली. प्रतापची मान ताठ झाली.

"आता माहेरची."

शेवंतानं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"म्हण, बाई."

"देवजी. मल्हारी. सटवोजी आणि त्याचा जावई. आणि धाकलू... मिसरूडही फुटलं नव्हतं त्याला."

"ही कोण, आई?"

"तुझ्या आजोळची. राणोजी-खंडोजींनी कापलेली. सर्वपित्रीला माझी आई पानं मांडायची, एकेकाचं नाव घेऊन घास ठेवायची."

"मला कधी बोलली नाहीस."

"वरच्या आळीत कुणापुढं घेऊ रे ती नावं?"

"मग त्या खांबापुढं तू..."

"तू तापानं फणफणला होतास. तेव्हा कुणी कुणाला मारलं हे आठवायला शुद्ध कुठं होती मला?"

चौकाकडून ओरडा उठला. प्रतापनं काठी आवळून धरली.

"खांब नसला तर आमची माणसं गाव विसरेल, बुवा."

"खालच्या आळीला खांब होता?"

"नव्हता."

"विसरली?"

प्रतापची नजर आईकडं वळली.

"ओवाळ त्याला," बुवा म्हणाले.

"बुवा!" शेवंताचा आवाज चिरकला. "तुम्हीच असं सांगता?"

"ओवाळ."

तिनं उरलेलं तेल निरांजनात ओतलं, बुवांच्या हातची वात घातली. ती पेटवून तिनं त्याला ओवाळलं. कुंकवाचं बोट कपाळावर वाकडं उठलं.

बुवांनी तबकातलं पेटतं निरांजन उचललं आणि प्रतापपुढं धरलं.

"किसनला नेऊन दे. खड्ड्यापाशी."

"आणि त्यानं माझं डोकं फोडलं तर?"

"फोडेलही."

प्रतापनं एका हातानं निरांजन घेतलं. काठी दुसऱ्या हातात तशीच होती. तो दोन पायऱ्या उतरला आणि नदीवरून वाऱ्याचा झोत आला. ज्योत आडवी पडली, निळी झाली...

शेवंता आडोसा धरायला पुढं धावली. बुवांनी तिचा हात धरून तिला मागं घेतलं.

"तुझ्या आईनं मारेकऱ्यांपुढं दिवा लावला, बाळा. तसा एक तूही लाव. जपून ने... वारा आहे. दोन्ही हात लागतील."