खिचडी हद्दपार

सुरंगगडचे राजे रणधीरराव एकदा भलतेच पेटले. "परमुलखातून आलेला एकूण एक माणूस राज्याबाहेर काढा!" असा हुकूम त्यांनी सोडला. राणी मैनावती काळजीत पडल्या. त्यांचं अवघड बाळंतपण जिनं निभावून नेलं, ती सुईण झुलेखाबी परमुलखातलीच होती. पण राजांना सांगणार कोण?

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. भुकेले राजे पानावर बसले, तर समोर नुसतं ताक.

"खिचडी कुठंय?" राजे गरजले.

"महाराज, हुकुमाप्रमाणे तिला हद्दपार केलं," राणी शांतपणे म्हणाल्या. "साबुदाणा, शेंगदाणे, मिरची, बटाटा, सगळी समुद्रापलीकडून आलेली. आपल्या मातीत रुजली, म्हणून आपला उपास गोड होतो. झुलेखाबीही तशीच रुजलीय. तिच्यामुळेच युवराज आज अंगणात खेळताहेत."

राजांनी समोरच्या ताकाकडे पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं. "हरलो, राणीसाहेब. हुकूम मागे घेतला."

वाफाळती खिचडी आली, तरी राजांनी घास उचलला नाही. त्यांनी आधी झुलेखाबीला बोलावून घेतलं, उठून तिच्यापुढे हात जोडले आणि म्हणाले, "आई, हे घर तुमचंच आहे."