केळथडीत हात दाखवतात

वस्तरा की सेफ्टी रेझर, या एका प्रश्नाने माझी तीन रात्री झोप उडवली होती. माझ्या लेकीला, रेवूला, तिसरं वर्ष लागलं होतं आणि तिचं जावळ माझ्या सासरी, केळथडीला, नदीच्या घाटावर काढायचं ठरलं होतं. वस्तरा म्हणजे उघडं पातं. रेझरच्या पात्यापुढे दाते असतात, पण दात्यांच्या आत पातंच ना! मी मिळेल ते वाचलं आणि वाचत गेले तितकी जास्त घाबरले. शेवटी सासूबाईंना विचारलं. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "एवढी शिकलीस, अन् हैबतीनानांची गोष्ट ठाव न्हाई व्हय तुला?"

ती गोष्ट अशी. ऐकली तशीच सांगते. मला जिथे शंका आली तिथे मी गप्प बसले होते, तुम्हीही बसा.

केळथडीच्या नदीवर पूल नव्हता, माणसं भोपळ्यांच्या तराफ्यावरून पैलतीरी जायची, त्या काळात गावात हैबतीनाना नावाचे एक न्हावी होते. खांद्याला धोकटी, धोकटीत कातर, पितळेची वाटी आणि एक वस्तरा. त्या वस्तऱ्याला अशी धार होती की त्यावर बसलेल्या माशीचे दोन तुकडे व्हायचे आणि दोन्ही तुकडे उडून जायचे, असं म्हणतात. झोपलेल्या माणसाची दाढी नाना करून जायचे आणि तो उठून विचारायचा, नाना अजून आले कसे नाहीत? केळथडीतल्या प्रत्येकाचं जावळ नानांनी काढलेलं. त्यांच्या हाताखाली एकही मूल रडलं नाही. उलट, ते पेंगायला लागायचं. कुणी विचारलं, नाना, हे जमतं कसं, तर ते म्हणायचे, "डोकंच सांगतं की कुठनं जायाचं. मी आपला ऐकतो."

मग एकदा परमुलखातली मोठी लढाई संपली आणि गावातला रंगराव शिपाई घरी परत आला. येताना त्याने एक चकचकीत डबी आणली. डबीत बोटाएवढं दांडकं आणि दांडक्याच्या टोकाला आडवे बारीक दात. सगळं गाव चावडीपुढे जमलं.

"ह्ये तर शेतातलं दाताळं!" एक म्हातारा म्हणाला. "काय रं रंग्या, गालावर भुईमूग पेरलास काय?"

सगळे खो खो हसले. रंगरावाने गालाला फेस लावला आणि आरशात न बघता, गप्पा मारत मारत, स्वतःची दाढी स्वतः केली. रक्ताचा थेंब नाही. मग मात्र कुणी हसेना.

त्या दिवसापासून गावात दोन तट पडले, असं म्हणतात. वस्तरेवाले आणि दाताळेवाले. वस्तरेवाले म्हणायचे, धार दिसली पाहिजे. दाताळेवाले म्हणायचे, धार आवरली पाहिजे. एक ठरलेलं लग्न तर नवऱ्या मुलाची दाढी कशाने करायची यावरून चार महिने लांबलं, आणि चार महिन्यांत त्याची दाढी छातीपर्यंत आली. नानांना विचारलं की ते डबीकडे बघतसुद्धा नसत. "लपून बसलेल्या धारेचा मला भरवसा न्हाई," म्हणायचे. "समोर हाय तिच्याशी बोलता येतं."

पण नानांच्या घरी एक गोष्ट लपून बसली होती. थंडी सरली तरी त्यांच्या उजव्या हाताचा कंप सरला नव्हता. आधी करंगळी थरथरायची, मग मनगट. नाना कोपर बरगडीला दाबून धरायचे आणि दाढी उरकायचे. कुणाला कळलं नाही. ज्याच्या हाताखाली झोप लागते, त्याचा हात कोण बघतो?

गावात सगुणा नावाची एक बाई होती. तिची पहिली दोन लेकरं वर्षाच्या आतच गेली होती. तिसरं जगलं, तीन वर्षांचं झालं. ते पोटात असतानाच तिने नवस बोलला होता की हे जगलं तर घाटावर हैबतीनानांच्या हातून जावळ काढीन. दिवस ठरला. वस्तरेवाले आले, दाताळेवालेही आले. लेकरू मामाच्या मांडीवर बसलं. नानांनी वाटीत नदीचं पाणी घेतलं, लेकराचं डोकं भिजवलं, वस्तरा उघडला.

आणि थांबले.

लोकांना वाटलं, मुहूर्त बघतायत. नाना वाटीकडे बघत होते. त्यांच्या डाव्या हातातली वाटी स्थिर होती. त्यांनी वस्तरा मिटून खाली ठेवला आणि वाटी उजव्या पालथ्या हातावर ठेवली. पाणी हेलकावलं आणि काठावरून सांडलं.

नानांनी वाटी काढली नाही. सगुणापुढे हात धरला आणि म्हणाले, "पोरी, माझा हात बघ."

पाणी सांडतच होतं. दोन्ही तटांची माणसं वाटी बघायला पुढे सरकली. नदीसुद्धा थांबली होती, असं म्हणतात.

"सा म्हैनं झालं," नाना म्हणाले. "गावाला फसवलं मी. पर ह्या डोक्याला न्हाई फसवता येत." मग मान वळवून त्यांनी हाक मारली, "रंगराव, तुझं दाताळं आण बाबा. अन् धरायचं कसं, त्ये मला शिकीव."

वस्तरेवाल्यांतला एक जण ओरडला, "अवं नाना, नवसाचं जावळ हाय! दाताळ्यानं नवस फिटतो व्हय?"

तेव्हा सगुणा उठली. म्हणाली, "नवस मी नानांच्या हाताचा बोललीया. वस्तऱ्याचा न्हाई."

रंगराव धावत घरी गेला आणि डबी घेऊन आला. त्याने सगळ्यांसमोर नानांचे पाय धरले, मग मनगट धरलं. आधी नानांनी कातरीने केस बारीक केले, मग त्यांच्याच हातात दाताळं फिरू लागलं. तीन वर्षांचं मऊ जावळ, सारखं दात्यांत अडकायचं. दर वेळी ते धुवायला लागायचं. म्हाताऱ्या माणसाने किती वेळा उठावं? म्हणून नदी आपण होऊन दोन पायऱ्या वर आली आणि नानांच्या गुडघ्याशी थांबली, असं म्हणतात. शेवटचे केस पडले तेव्हा लेकरू गाढ झोपलं होतं. टाळूवर एक ओरखडा नव्हता.

त्या क्षणी नानांचा कंप गेला, असं काही जण सांगतात. सासूबाई म्हणतात, छे, मरेपर्यंत होता. पण तो लपवावा लागला नाही, म्हणून कुणाला खुपला नाही. मला सासूबाईंचं खरं वाटतं. नाना नंतर बारा वर्षं जगले. ज्या दिवशी वाटीतलं पाणी हलत नसे त्या दिवशी वस्तरा काढायचे, हललं की दाताळं. गावातले तट कधी मोडले ते कुणाला आठवत नाही.

बाकी मुलखात 'हात दाखवला' म्हटलं की फसवलं असा अर्थ होतो. केळथडीत तसं म्हणून बघा, लोक तुमच्यापुढे हात जोडतील. आजही तिथे लहान मुलाला धार लागण्याआधी, धार धरणारा माणूस पालथ्या हातावर पाण्याची वाटी ठेवतो आणि हात आईपुढे धरतो. कान टोचणारा सोनार धरतो. लस टोचायला नव्या नर्सबाई आल्या तेव्हा त्यांना आधी राग आला, म्हणाल्या, माझी परीक्षा घेता? आता त्या न सांगता वाटी मागतात. आणि पाणी सांडलं तर कुणी हसत नाही. "हैबतीनाना!" एवढंच म्हणतात आणि दुसरा दिवस ठरवतात, नाहीतर दुसरं हत्यार.

आमच्या दिवशी घाटावर दिगंबर आला. नानांच्याच घराण्यातला, पंचविशीतला पोरगा, डोळ्यांवर चष्मा. त्याने कपड्यावर दोन्ही मांडून ठेवलं, वस्तरा आणि रेझर, दोन्हींना माझ्यासमोर कोरं पातं लावलं. रेवू माझ्या भावाच्या मांडीवर होती. दिगंबरने वाटी भरली, पालथ्या हातावर ठेवली आणि हात माझ्यापुढे धरला. पाणी आरशासारखं होतं. त्यात मला आभाळ दिसलं आणि माझं घाबरलेलं तोंडही. कधीही न पाहिलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाचे उपकार मला त्या वेळी कळले. शंभर वर्षांमागे एका आईसाठी तो थांबला होता, म्हणून आज माझ्यासाठी कुणीतरी थांबलं होतं. तुझा हात स्थिर आहे ना, हे विचारायचा धीर मला कधीच झाला नसता, आणि मला विचारावं लागलंच नाही.

"बोला वहिनी," दिगंबर म्हणाला. "वस्तरा का दाताळं?"

मी वस्तऱ्याकडे बोट नेलं, मग रेझरकडे, मग पुन्हा वस्तऱ्याकडे. सगळा घाट माझ्याकडे बघत होता.

रेवूने वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि दिगंबरला म्हणाली, "आता आईच्या हातावर ठेव."