बकुळेने न टेकलेले गुडघे

एका राज्यात काचेचे कारागीर होते, आणि मणिकंठ नावाचा राजा होता. कारागीर भट्टीत वाळू वितळवीत, तिचे रंगीत दिवे घडवीत. ते दिवे समुद्रापार विकले जात. राजाने भर दरबारात शब्द दिला होता, की ज्या वर्षी खजिना वाढेल, त्या वर्षी दसऱ्याला प्रत्येक कारागिराला वेतनाहून वेगळा वाटा मिळेल.

यंदा खजिना ओसंडला. दसरा आला, गेला. वाटा आला नाही.

तेव्हा बकुळा नावाची कारागीर सर्वांच्या वतीने दरबारात उभी राहिली.

"महाराज, आमचा वाटा?"

"वेतन मिळाले ना? वरचे देणे ही माझी मर्जी."

"शब्द देईपर्यंत मर्जी होती. आता तो हक्क आहे."

खजिन्याचे तळघर एका मांत्रिकाने राजाच्या शब्दाशी मंत्राने बांधले होते. राजाने शब्द मोडला आणि त्या क्षणापासून तिथले सोने उंबऱ्याबाहेर येताच राख होऊ लागले. राजा संतापला. म्हणाला, "तीन कामे कर. मग पाहू. आधी माझ्या शब्दाला साक्षीदार आण."

दरबारी तर सारे विसरले होते. बकुळा डोंगर चढून म्हाताऱ्या धनेश पक्ष्याकडे गेली; त्या दिवशी दरबाराच्या कमानीवर बसून त्याने सारे ऐकले होते. तो आला, कमानीवर बसला, आणि राजाचा शब्द राजाच्याच आवाजात बोलला.

"आता एक मोहर राख न होता बाहेर आण," राजा म्हणाला.

तळघरात नाग होता. "कोणाचे सोने नेतेस?"

"आमचे."

"राजा देईल तेच तुमचे."

"राजाने अडवले तेही आमचेच."

नाग बाजूला झाला. उंबऱ्याबाहेर मोहर तशीच झळझळत राहिली.

राजा मवाळ झाला. "शेवटचे काम सोपे. गुडघे टेक, दान म्हणून माग. दुप्पट देईन."

म्हातारा भट्टीवाला रंगोबा कुजबुजला, "टेक गं पोरी. वेतनाचीही राख झाली, घरी चुली थंड आहेत."

पण बकुळा म्हणाली, "रंगोबा, माझे गुडघे रोज भट्टीपुढे टेकतात. इथे नाही टेकायचे. आज दान घेतले, तर दर दसऱ्याला भीकच मागावी लागेल."

ती वळली. तिच्यामागे सारे कारागीर निघाले, रंगोबासुद्धा. भट्ट्या विझल्या.

राजाने दारोदार दान पाठवले. दारोदार राख पोहोचली. परदेशी जहाजे रिकामीच परतली. अखेर राजा स्वतः मोहरांची थैली घेऊन पायी भट्टीवर आला.

"हे तुमचे आहे," तो म्हणाला. "मी अडवून ठेवले होते."

थैली उघडली. सोने सोनेच होते. शाप सुटला, भट्ट्या पेटल्या.

पुढल्या वर्षी जहाजे बुडाली, खजिना वाढला नाही. राजाने तळघराची दारे उघडून दाखवली. कारागिरांनी पाहिले आणि वेतन घेऊन मुकाट घरी गेले. त्यानंतरच्या वर्षी खजिना भरला. राजा जेवायला बसण्याआधी वाटे वाटले गेले. बकुळेने आपला वाटा ताठ मानेने घेतला. आभार मात्र मानले नाहीत.