चाराच्या वर्गातून एक

“मग ती रिकामी जागा कुठे गेली?” निरंजनबुवांनी दारातूनच विचारलं.

“भरून निघाली, बुवा,” भार्गव म्हणाला.

मुलांना गणित शिकवणारा भार्गव घामाघूम झाला होता. मठाच्या पाठशाळेतली आसनं त्याने पहाटे उठून नव्याने मांडली होती.

आधी त्यांचा चौरस होता. चार ओळी, ओळीत चार आसनं. शेवटच्या ओळीच्या टोकाला भार्गवचा धाकटा भाऊ रंगा बसायचा. भार्गवनेच हट्टाने त्याला आईजवळून मठात आणलं होतं. गेल्या पंधरवड्यात रंगा तापाने गेला आणि तो कोपरा रिकामा राहिला.

भार्गव रडला नाही. दुसऱ्याच दिवशी बीजगणित घेऊन बसला.

“बघा ना,” तो भराभर बोलू लागला. “चाराच्या वर्गातून एकाचा वर्ग गेला. कोपरा तुटला, आकृती लंगडी झाली. मग शेवटच्या ओळीतली उरलेली तीन आसनं मी उचलली आणि बाजूला उभी लावली. आता ओळी तीन, ओळीत पाच. चार वजा एक, चार अधिक एक. पडले की नाही अवयव? मुलं नुसतं सूत्र घोकतात. इथे ते डोळ्यांना दिसतंय.”

बुवांनी नजरेनेच आसनं मोजली.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “…बाकी?”

“पाच त्रिक पंधरा. बाकी शून्य.”

“अस्सं.”

बुवा आत आले. भिंतीला टेकून खाली बसले.

“भार्गवा, रंगा कुठे बसायचा रे?”

“तो काय, तिथे…”

भार्गवने हात उचलला. बोट पुढे केलं… आणि ते तसंच राहिलं.

तिथे टोक नव्हतं. ओळच नव्हती. नुसती शेणाने सारवलेली जमीन.

“इथे…” तो दोन पावलं सरकला. “नाही, जरा पलीकडे… खिडकीच्या रेषेत… बुवा, इथेच होता ना तो?”



भार्गव गुडघ्यांवर बसला. दोन्ही तळहातांनी जमीन चाचपू लागला. मग त्याच्या तोंडून जो आवाज फुटला, तो पंधरा दिवसांत मठात कुणी ऐकला नव्हता.

बुवांनी त्याला थांबवलं नाही. बाहेर मुलं येऊन उभी होती, त्यांनाही हातानेच थोपवलं.

बऱ्याच वेळाने भार्गव उठला. बाजूला लावलेली तीन आसनं त्याने एकेक करून उचलली, पुन्हा शेवटच्या ओळीत नेऊन अंथरली. कोपरा रिकामा झाला.

“माझं गणित चुकलं, बुवा.”

“नाही रे…” बुवा म्हणाले. “उत्तर बरोबरच आहे. पण एवढ्यात नको.”