दोरीने आवळलेले इंजिन

“मग दोरी कशाला?”

“इंजिन उसळू नये म्हणून.”

“उसळलं तर काय होतं?”

केतकी सारंगने मान वळवून पाहिले. खाडीपलीकडे, खारवाडीच्या काठावर, कुणीतरी पांढरी चादर हलवत होते. तिथल्या मंजुळाला कालपासून कळा येत होत्या आणि बाळ आडवे होते. रुग्णवाहिका अलीकडच्या धक्क्यावर येऊन उभी होती. रस्त्याने वळसा घालायचा तर दोन तास. खाडीतून पंधरा मिनिटे. आणि ओहोटी लागली होती. आणखी पाऊण तासाने खाडीत चिखलच उरणार होता.

अशा वेळी उस्ताद अब्बासमियाँ होडेकर धक्क्याच्या पायरीवर बसून प्रश्न विचारत होते.

त्या धक्क्यावरचा होडी हाकणारा प्रत्येक तांडेल त्यांच्या हाताखाली शिकलेला. गावाच्या नव्या बोटीवर केतकीला नेमताना समितीने एकच अट घातली होती: उस्ताद ‘हो’ म्हणतील त्या दिवसापासून तिने बोट एकटीने न्यावी. चार महिने उलटले. यंत्र अभियांत्रिकीत ती विद्यापीठात दुसरी आली होती. उस्तादांनी अजून ‘हो’ म्हटले नव्हते. ‘नाही’ही म्हटले नव्हते, आणि तेच तिला अधिक सलत होते.

“उसळलं तर पंखा पाण्याबाहेर येतो,” ती शब्द तोडत म्हणाली. “इंजिन किंचाळतं. रेस कमी करून ते खाली येण्याची वाट बघावी लागते, तोवर बोट वाहत जाते. आज तेवढा वेळ नाही, उस्ताद.”

“आणि?”

“आणि काय?”

जाळे सांधत बसलेल्या गजा तांडेलाने मान वर न करता उत्तर दिले, “आणि आम्ही हसतो. सारंगबाईंचं इंजिन दर खडकाला सलाम ठोकतं!”

“तुमचं नाही ठोकत?”

“ठोकतं की. पण माझ्या इंजिनाचा ड्रायव्हर सातवी नापास आहे. त्याला शोभतं.”

केतकीचे कान तापले.

खाडीच्या मध्यावर पाण्याखाली खडकांची एक ओळ होती. तिला सगळे ‘म्हातारीचे दात’ म्हणत. गढूळ पाण्यात ते दात दिसत नसत, आणि दुसरी वाट नव्हती. इंजिन बोटीच्या मागच्या फळीला बिजागरीवर टांगलेले. त्याचा पाण्यातला पाय खडकाला लागला की सगळे इंजिन मागे झुकून वर उचलले जाई, आणि खडक मागे पडला की स्वतःच्याच वजनाने पुन्हा पाण्यात उतरे. हे असे का केले आहे, ते केतकीने पुस्तकात वाचले होते. पण पुस्तकाला ओहोटी नसते. तिने नायलॉनच्या दोरीचे चार वेढे घालून इंजिन फळीशी आवळून टाकले होते.

“रिव्हर्समध्ये तर आकडा पडतोच ना?” ती म्हणाली. “बनवणाऱ्यांनीच दिलाय. मागे जाताना तो इंजिनाला वर येऊ देत नाही. मग पुढे जाताना मी धरलं तर काय बिघडलं?”

“मागे जाताना माणूस भीत भीत जातो, बेटी.”

“उस्ताद, बसा बोटीत. बोलत काय बसलात!”

उस्ताद उठले नाहीत.

“दातांवर धडक बसली. खडक हलेल?”

“नाही.”

“दोरी?”

“दोरी तुटणार नाही. मी बघून घेतलीय.”

“मग काय तुटेल?”

“...इंजिनाचा पाय. नाहीतर मागची फळी फाटेल.”

“नाहीतर म्हणजे? शिकलेली आहेस, नीट सांग.”

“जे सगळ्यात कमकुवत असेल ते.”

“येताना बोटीत सगळ्यात कमकुवत काय असेल?”

केतकीने पलीकडे पाहिले. चादर अजून हलत होती.

ती खाली वाकली. ओली गाठ आवळून दगड झाली होती. एक नख मोडले, दुसरे सोलले. उस्ताद शांतपणे पाहत होते. त्यांनी हात लावला नाही. गजानेच चरफडत आपला कोयता तिच्यापुढे फेकला. “कापा हो बाई! मुहूर्त बघताय?”

दोरी कापली गेली. तेव्हा कुठे उस्ताद बोटीत उतरले.

जाताना इंजिन उसळले. दर वेळी केतकीने दात आवळून रेस उतरवली, ते खाली येण्याची वाट पाहिली, पुन्हा रेस दिली. दर वेळी तिची नजर हातातल्या घड्याळावर गेली.

खारवाडीच्या काठावर मंजुळाला चौघांनी उचलून बोटीत आडवे केले. परिचारिका शालनताई तिच्या उशाशी बसल्या. एका हातात सलाईनची बाटली उंच धरलेली, दुसऱ्या हाताने मंजुळाचे मनगट.

“लवकर ग,” शालनताई म्हणाल्या. “नाडी मला आवडत नाहीये.”

पाणी हातभर उतरले होते.

म्हातारीच्या दातांपाशी पहिला तडाखा बसला. इंजिन उचलले जाऊ लागले, आणि केतकीच्या नकळत तिचा डावा हात त्याच्या टोपणावर पडला. तिने सगळा भार टाकून ते खाली दाबले. बोट कण्हल्यासारखी कुरकुरली. मंजुळा ओरडली.

“दाबू नकोस,” शालनताई खेकसल्या. “तिच्या कमरेत धक्का जातोय!”

“मग ते वर येईल!”

“येऊ दे की!”

केतकीला ऐकू येत होते. हात ऐकत नव्हता. पुढचा खडक कुठल्याही क्षणी लागणार होता.

उस्ताद सावकाश पुढे सरकले. त्यांनी शालनताईंच्या हातातली सलाईनची बाटली घेतली आणि ती केतकीसमोर धरली.

“हे धर.”

“मी? उस्ताद, माझ्या हातात...”

“उंच धर. खाली आली तर नळीत रक्त उलटं चढेल.”

तिने टोपणावरचा हात उचलून बाटली धरली. दुसरा हात हँडलवर. आता तिसरा हात नव्हता.

तडाखा बसला. इंजिन मागे झुकले, पंखा हवेत किंचाळला. तिने रेस उतरवली. बोट किंचित डुलली, एवढेच. इंजिन धप्पकन पाण्यात परतले. तिने रेस दिली.

पुन्हा तडाखा. पुन्हा तेच.

मंजुळा डोळे मिटून पडली होती. तिच्या कपाळावरची आठी हलली नाही.

केतकीने बाटली धरलेला हात ताठ केला. खांद्यातून कळ निघाली. बाटली मात्र खाली आली नाही. मोकळ्या झालेल्या दोन्ही हातांनी शालनताईंनी मंजुळाचे पोट सावरून धरले होते.

अलीकडचा धक्का आला. गजा कमरेएवढ्या चिखलात उभा राहून दोर झेलायला हात पुढे करून होता. त्याने एकही टोमणा मारला नाही. स्ट्रेचर वर गेले, रुग्णवाहिकेचे दार आपटले, भोंगा वळणावर विरला.

मग कुणालाच काही करण्यासारखे उरले नाही. केतकीला बसवत नव्हते. ती बोटीभोवती चिखलात फिरत राहिली. पंख्याच्या एका पात्याचा कोपरा मुडपला होता. मागच्या फळीवरून तिने हात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा एकदा उलटा. एकही तडा नव्हता.

उन्हे कलली तेव्हा शालनताईंचा फोन आला. पोट फाडून बाळ काढावे लागले. मुलगी. दोघी सुखरूप होत्या.

गजाने जाळे बाजूला सारले आणि चहा सांगायला गेला. पायरीवर उस्ताद आणि केतकी दोघेच राहिले.

चार महिने तिने जो प्रश्न गिळला होता, तो आता तिने विचारला.

“उस्ताद... उद्यापासून बोट मी एकटीने नेऊ?”

उस्तादांनी तिच्याकडे पाहिले. चेहऱ्यावर समाधान होते; निदान तिला तसे वाटले.

“आज किती वेळा उसळलं ग इंजिन?”

“अकरा वेळा,” ती ताबडतोब म्हणाली. “जाताना चार, येताना सात.”

उस्तादांनी उघड्या पडलेल्या चिखलाकडे नजर वळवली.

“अजून मोजतेस. उद्याही मी येतो,” ते म्हणाले.