नावाड्याच्या खिशातला लोळा

एका नदीला दोन काठ होते. नदीला दोन काठ असायचेच, त्यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. पण ह्या नदीचं पात्र एवढं रुंद होतं की ह्या काठावरून त्या काठावरचा बैल शेळीएवढा दिसायचा. अलीकडे एक लहानसं गाव होतं. पलीकडे बाजाराचं गाव होतं, तिथे तेली होता, कापडवाला होता, वैद्य होता. मधे पूल नव्हता. होती ती एक नाव आणि एक नावाडी.

लहान गावाच्या काठावर काटेसावरीचं उंच झाड होतं आणि त्याच्या फांदीला पितळेची घंटा टांगलेली होती. खोडाला काटे, त्यामुळे पोरांना वर चढून घंटेशी खेळायची सोय नव्हती. घंटेच्या पोटात टोला देणारा लोखंडाचा लोळा होता. लोळ्याला बांधलेली लांब दोरी खाली लोंबायची. ज्याला पलीकडे जायचं असेल त्याने ती ओढायची. घणघण ऐकली की नावाडी असेल तिथून नाव घेऊन यायचा.

धुक्याच्या दिवसांत मात्र घंटेचं काम याहून मोठं असे. हिवाळ्यात सकाळी नदीवर असं धुकं साचायचं की नावाड्याला आपल्या वल्ह्याचं टोक दिसत नसे. मग कुणीतरी झाडाखाली बसून घंटा वाजवत राहायची आणि नावाड्याने त्या आवाजाच्या रोखाने नाव आणायची, अशी तिथली रीत होती. हे कुणीतरी म्हणजे नावाड्याची बायको. घोंगडी पांघरून ती बसायची आणि नाव काठाला लागेपर्यंत तिचा हात थांबत नसे. दर दिवाळीला नवरा शिडी धरायचा आणि ती वर चढून लोळ्याला तेल लावायची, गंज चढू नये म्हणून. "ती वाजवती तवर मला डोळ्यांची गरज न्हाई," असं नावाडी सगळ्यांना सांगायचा. तेव्हा तो भारी बोलका माणूस होता.

एका पावसाळ्याच्या शेवटी ती तापाने गेली. मूलबाळ नव्हतं. घरात दोन माणसं होती, त्यातलं एक उरलं.

दिवसकार्य आटोपून नावाडी पुन्हा नावेवर गेला. तो पलीकडच्या काठाला बसला होता, इतक्यात घंटा वाजली. त्याने काही विचार न करता नाव लोटली आणि जीव खाऊन वल्हं मारलं. निम्मी नदी ओलांडल्यावर त्याला आठवलं, ती तर नाही. काठावर एक गुरांचा व्यापारी उभा होता.

"लई लवकर आलास की रं!" व्यापारी खूश होऊन म्हणाला.

नावाड्याने त्याला पार पोचवलं. त्याच संध्याकाळी त्याने झाडाला शिडी लावली, लोळा दोरीसकट काढला आणि बंडीच्या आतल्या खिशात टाकला. दुसऱ्याच्या हातची घंटा त्याला सोसवत नव्हती.

तेव्हापासून तो लोळा त्याच्या खिशातून कधी निघाला नाही. लोखंडच ते. बंडी एका अंगाला ओढली जायची, खिसा फाटायचा आणि नावाडी तो मोठमोठे टाके घालून पुन्हा शिवायचा. चालताना तो एका बाजूला कलायचा. एकदा भोवऱ्यात सापडलेली नाव त्याने शिताफीने बाहेर काढली, पण स्वतःच्या मनगटाला श्रेय दिलं नाही. खिशावर हात ठेवून म्हणाला, "हिनं तारलं." आता लोखंडाचा तुकडा खिशात ठेवून नावा तरल्या असत्या, तर लोहारांनी शेतं विकून जहाजं घेतली असती. पण दुःखी माणसाशी वाद कोण घालणार?

गावाने थोडे दिवस वाट पाहिली. मग पाटील स्वतः भेटायला गेले.

"नावाडीदादा, घंटा गावाची हाय. लोळा परत लाव."

"घंटा गावाची, पर लोळा माझा. ती त्याला तेल लावायची."

"बरं, तुझा तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. लोहार दुसरा घडवून देतो म्हणतोय. एक पैसा घेत न्हाई."

"दुसरा लावलात, तर त्या दिवशी मी वल्हं नदीत टाकीन," नावाडी म्हणाला. "मला ती घंटा ऐकायची न्हाई."

गावात दुसऱ्या कुणाला नाव हाकता येत नव्हती. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. पाटील आल्या पावली परत गेले.

मग नावाड्याने गावातलं घर बंद केलं आणि पलीकडच्या काठावर झोपडी घातली. मनात आलं तर एक खेप सकाळी, एक खेप संध्याकाळी. मधे कुणाला यायचं असेल तर काठावर उभं राहून बोंबलायचं. वारा अनुकूल असला तर त्याला ऐकू जायचं, नाहीतर नाही. हळूहळू लोक कंटाळले. पायात बळ असलेले लोक खालच्या अंगाला, नदी पायी ओलांडता येईल असा उतार होता तिथून, अर्धा दिवस चालून जाऊ लागले. सुगीला गावाने त्याच्या वाट्याचं धान्य न चुकता काढून ठेवलं, पण ते द्यायला आलेला माणूस पोतं ठेवून लगेच वळला.

नावाडी झोपडीच्या दारात बसून राहायचा. खिशातला लोळा काढायचा, धोतराच्या सोग्याने पुसायचा, पुन्हा खिशात ठेवायचा. कधीकधी त्याच्याशी बोलायचा. "बघितलंस? आज बी कुणी आलं न्हाई. माणूस जिता हाय का मेला, एवढंसुद्धा कुणी इचारत न्हाई." माणसाचं कसं असतं पाहा. हाक मारायची दोरी त्याने आपल्या हाताने काढून आणली होती आणि आपल्याला कुणी हाक मारत नाही म्हणून तोच कुढत होता. पण त्याचं एकटेपण काही खोटं नव्हतं. संध्याकाळी समोरच्या लहान गावात चुली पेटायच्या, धूर वर जाताना दिसायचा आणि तो विरेपर्यंत नावाडी तिकडेच बघत बसायचा.

अशातच हिवाळा आला.

लहान गावात नदीजवळ एक म्हातारा कुंभार आणि त्याची बायको राहत. एका सकाळी चाकावर बसल्या बसल्या कुंभाराच्या छातीत कळ आली. कुंभारणीने त्याला गाढवावर घातलं आणि पलीकडच्या वैद्याकडे न्यायला काठावर आणलं. उताराने जायचं तर अर्धा दिवस लागणार, तेवढा वेळ त्याच्यापाशी नव्हता. नदीवर धुकं असं दाटलं होतं की पाणी कुठे सुरू होतं तेही कळत नव्हतं.

तिने नवऱ्याला झाडाखाली बसवलं आणि हाका मारल्या. हाका धुक्यात विरून गेल्या. शेवटी तिने दगड गोळा केले आणि वर घंटेच्या अदमासाने फेकायला लागली. म्हातारी बाई, नेम कुठला लागायला? दगड फांद्यांना लागून खाली पडत होते. एक मात्र लागला.

टण्.

पलीकडच्या काठावर नावाडी दचकून उठला. त्या घंटेचा आवाज त्याच्या कानांनी किती दिवसांत ऐकला नव्हता. तो धावत निघाला, नाव लोटली आणि धुक्यात शिरला. आपल्याला कोण बोलावतंय हे त्याला माहीत नव्हतं, पण कुणीतरी बोलावतंय एवढं खरं होतं.

थोडं पुढे गेल्यावर त्याने वल्हं थांबवलं आणि कान दिला. काही नाही. पुढे सगळं पांढरं, मागे सगळं पांढरं.

"वाजवा!" तो ओरडला. "वाजवत ऱ्हावा! मला वाट कळंना!"

"इकडं! इकडं ये रं!" कुंभारणीचा आवाज आला. पण धुक्यात माणसाची हाक एका ठिकाणाहून येत नाही, चारी बाजूंनी येते. नावाड्याने डावीकडे नाव घेतली. आवाज उजवीकडून आला. उजवीकडे वळला, तेव्हा प्रवाहाने नाव खाली ओढली. तो पुन्हा ओरडला, "अगं घंटा वाजव की!" आणि वल्हं मारायला पुढे वाकला, तसा खिशातला लोळा त्याच्या बरगडीत रुतला.

तेव्हा त्याला कळलं. घंटेला जे हवं होतं, ते घेऊन तो नदीच्या मधोमध हिंडत होता.

तो काठाला लागला तेव्हा ऊन वर आलं होतं आणि धुकं फाटायला लागलं होतं. नाव घंटेच्या झाडापासून कितीतरी खाली लागली होती. नावाडी धावत आला. झाडाखाली दगडांचा सडा पडला होता. कुंभारणीच्या बोटांतून रक्त येत होतं. कुंभाराने त्याच्याकडे पाहिलं, पण बोलायचं त्राण त्याच्यात नव्हतं. नावाड्याने त्याला खांद्यावर घेतलं, नावेत निजवलं आणि आयुष्यात कधी मारलं नव्हतं असं वल्हं मारलं. कुंभारीण नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. समोर बाजाराचं गाव स्वच्छ दिसत होतं. वैद्याच्या अंगणातली तुळससुद्धा दिसत होती.

काठ जवळ आला, तेव्हा ती म्हणाली, "हळू घे आता. घाई न्हाई."

नावाड्याने वळून पाहिलं आणि त्याच्या हातातलं वल्हं थांबलं.

त्याला कुणी बोल लावला नाही. पाटील आले नाहीत, पंचायत बसली नाही. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. दोन दिवस तो काही न खाता झोपडीत पडून होता. तिसऱ्या दिवशी तो नाव घेऊन लहान गावाच्या काठाला आला, झाडाला शिडी लावली आणि वर चढला. काट्यांनी हात सोलून निघाले. मग त्याने खिशातून लोळा काढला. त्याने तो एकदा गालाला लावला.

"तुला विसरावं म्हणून हा लावत न्हाई मी," तो हळूच म्हणाला. मग कडी घट्ट दाबली, नवी दोरी बांधली आणि खाली उतरला.

पुढचे महिने त्याला फार जड गेले. हात सवयीने खिशाकडे जायचा आणि रिकामाच परत यायचा. चालताना तो अजून कलायचा, पण आता कलायला काही कारण नव्हतं. घंटा वाजायची. गवळी घाईघाईने वाजवायचा, नवी सून लाजत वाजवायची, धनगर दोरी तुटेल असा हिसका द्यायचा. प्रत्येक वेळी तो उठायचा आणि नाव लोटायचा. त्यातला एकही टोला तिच्या टोल्यासारखा नव्हता. तसा आता कधीच ऐकू येणार नाही, हे त्याला रोज नव्याने कळायचं आणि तरी तो जायचा. धुक्याच्या दिवशी नावेत बसायला आलेले लोक आळीपाळीने दोरी ओढायचे, नावाडी सुखरूप पोचायचा, भाडं घ्यायचा आणि नाव वळवायचा. कुंभाराच्या घराकडे मात्र तो मान वर करून बघत नसे.

उन्हाळ्यात एका भर दुपारी घंटा वाजली. उन्हाचं कुणी बाहेर पडत नाही अशी वेळ. नावाडी नाव घेऊन आला. झाडाच्या सावलीत कुंभारीण बसली होती.

त्याचे पाय पाण्यातच थांबले. खाली बघत त्याने नाव धरली. "बस, आक्का. कुठं जायचं?"

"मला कुठं जायचं न्हाई."

"मग घंटा कशापायी वाजवलीस?"

तिने मांडीवरचं फडकं सोडलं. त्यात भाकऱ्या होत्या, झुणका होता, फोडलेला कांदा होता.

"रोज दोन माणसांचं पीठ मळती मी," ती म्हणाली. "डोक्याला कळतंय, हातांना कळत न्हाई. उरलेली भाकर किती दिस गाढवाला घालू? तू बी तिकडं एकटाच. काय खातोस, कुणाला ठावं."

नावाडी पाण्यातून बाहेर आला नाही. तिथूनच त्याने विचारलं, "आक्का, मला माफ केलंस?"

कुंभारणीने त्याच्याकडे सरळ बघितलं.

"न्हाई," ती म्हणाली. "अजून न्हाई. ये, जेव आधी."

तो येऊन बसला. तिने त्याच्या हातावर भाकरी ठेवली आणि एक स्वतः घेतली. दोघं नदीकडे तोंड करून जेवली. खाता खाता नावाडी रडायला लागला. तिने पाण्याचं मडकं त्याच्याकडे सरकवलं आणि झुणका अजून वाढला.

तात्पर्य, ज्याला घ्यायचं त्याने एवढं घ्यावं: गेलेल्या माणसाची आठवण जरूर जपावी, पण जित्या माणसांची हाक आपल्यापर्यंत पोचायची वाट त्यासाठी बुजवू नये.